६०० एचपीच्या टर्बोसाठी ओपन डेक ब्लॉक : आधी काय हलतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोन्ही ८६ मिमी, ॲल्युमिनियमचा ओपन डेक, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर सिलिंडरभोवती उघडा असलेला ब्लॉक आणि त्यात ओततानाच बसवलेले बिडाचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या). टर्बो लावून आज साडेतीनशे एचपी व्यवस्थित निघतेय, आता ६०० हवी आहे. गाडी रस्त्यावर रोज चालते आणि अधूनमधून ड्रॅगला (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीला) जाते. एक जण म्हणतो ब्लॉक गार्ड ठोका, दुसरा म्हणतो वॉटर जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) सिमेंटसारखं फिलर ओता, तिसऱ्याचं म्हणणं की स्लीव्ह (सिलिंडरच्या जागी नव्या जाड नळ्या) न घालता या फंदात पडूच नका. यातलं खरं कोणाचं?

तिघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतील. अडचण अशी की तिघांनीही तुम्हाला उत्तरं दिली, पण इंजिन किती आरपीएमला ६०० काढणार, टॉर्क कुठे सुरू होणार, इंधन कोणतं आणि ताण किती वेळ राहणार, हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. ही चार उत्तरं बदलली की ब्लॉकचं कामच बदलतं. म्हणून मी कोणता पार्ट घ्यायचा इथून सुरुवात करत नाही. ब्लॉकमध्ये नेमकं काय, कुठल्या दिशेला आणि कशामुळे हलतंय, ते आधी पाहतो. मजबुती म्हणजे त्या हलण्याला आडवं जाणं. जे हलतच नाही ते जाड करून पैसे जातात, वजन वाढतं आणि मूळ दुखणं तिथेच राहतं.

आधी एचपीचा आकडा बाजूला ठेवा. ब्लॉकला एचपी कळत नाही, त्याला सिलिंडरमधला दाब कळतो, आणि त्या दाबाचा आपल्याला दिसणारा जवळचा आरसा म्हणजे टॉर्क. ८००० आरपीएमला ६०० एचपी काढायची तर साधारण ५३५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तीच ६०० तुम्ही छोटा टर्बो लावून ५००० आरपीएमला काढायला गेलात तर साडेआठशेच्या वर टॉर्क लागेल. दोन लिटरच्या इंजिनात पहिल्याचा सरासरी प्रभावी दाब (टॉर्कवरून काढलेला) ३४ बारच्या आसपास येतो, दुसऱ्याचा ५४ बारच्या आसपास. डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर दोन्हीकडे ६०० लिहिलेलं असेल, पण ब्लॉकच्या दृष्टीने ही दोन वेगळी इंजिनं आहेत. पहिल्यासाठी तुमच्या ब्लॉकवर नीट काम केलं तर तो टिकू शकतो. दुसऱ्यासाठी मी या ब्लॉकला हातच लावणार नाही.

आता दाब काय करतो ते पाहू. चांगलं ट्यून केलेलं असं इंजिन पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या जास्तीच्या दाबावर) असताना सिलिंडरमधला सर्वोच्च दाब १५० बार धरू. ८६ मिमी बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे पिस्टनवर जवळजवळ नऊ टन भार येतो. तेवढाच भार वर हेडलाही (सिलिंडरवरच्या झाकणालाही) उचलू पाहतो, आणि तो हेड ब्लॉकला आवळणारे स्टड पेलतात. पण ओपन डेकचं खरं दुखणं या उभ्या भारात नाही. हा कळस टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर पोचल्यानंतर) साधारण पंधरा अंशांवर येतो, तेव्हा कनेक्टिंग रॉड तिरका झालेला असतो. रॉडच्या त्या तिरकेपणामुळे पिस्टन सिलिंडरच्या एका भिंतीवर रेटला जातो. १३९ मिमी लांबीचा रॉड धरून हिशेब केला तर हा आडवा रेटा सातशे किलोच्या घरात जातो. ८००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला सहासष्ट वेळा होतं, दरवेळी त्याच बाजूला. त्या बाजूला थ्रस्ट बाजू म्हणतात.

ओपन डेक म्हणजे काय ते वरून पाहिलं की लगेच कळतं. सिलिंडरच्या माथ्याभोवती वॉटर जॅकेट पूर्ण उघडं असतं. मांडवाचे खांब जमिनीत रोवले पण वर आडवे वासे बांधलेच नाहीत, तशी ती अवस्था. शेजारशेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे क्रँकच्या रेषेत त्यांना एकमेकांचा आधार मिळतो. पण थ्रस्टचा रेटा येतो क्रँकच्या रेषेला काटकोनात, आणि त्या दिशेला वरच्या टोकाला धरायला काहीच नसतं. कंपन्यांनी हे अडाणीपणाने केलेलं नाही. उघडा डेक डायकास्टिंगला सोपा, आणि सर्वांत गरम भागाला पाणी सगळीकडून लागतं. शंभर-दोनशे एचपीला हा सौदा उत्तम आहे. तुम्ही त्याला तिप्पट काम सांगताय.

हे हललेलं दिसतं कसं? एक उदाहरण देतो. माझ्याकडे एक ओपन डेक इंजिन आलं होतं, तक्रार अशी की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सीलची पट्टी) पुन्हा पुन्हा जाते. मालकाने हेड उचलतंय असं समजून जाड स्टड घातले होते, तरी गॅस्केट गेलीच. गॅस्केट टेबलावर ठेवून नीट पाहिली. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरभोवती जी स्टीलची उठावदार कड असते ती फक्त थ्रस्ट बाजूला चंद्रकोरीसारखी घासून चकचकीत झाली होती, समोरची बाजू जवळजवळ नव्यासारखी. मग डायल बोअर गेज लावला. डेकपासून दहा मिमी खाली क्रँकच्या रेषेत माप ठीक होतं, त्याला काटकोनात सहा शतांश मिमी जास्त. बोअरच्या मध्यावर तोच फरक एक शतांशावर आलेला. म्हणजे हेड जागेवर होतं. सिलिंडरचा माथा गॅस्केटखाली पुढेमागे सरकत होता आणि कानस मारावी तसा तिला खात होता. हेड उचललं असतं तर खुणा वेगळ्या असत्या : कडेवरून पाण्याच्या भोकाकडे गेलेली काजळीची काळी रेघ, आणि पूर्ण बूस्टवर कूलंट बाटलीतून बाहेर. त्या इंजिनात कितीही जाड स्टड घातले असते तरी फरक पडला नसता.

तुमचं इंजिन आत्ता चालतंय, पण ते कधीतरी उघडणारच आहात. तेव्हा जुनी गॅस्केट फेकू नका. ब्लॉक कुठे हलतोय याचा इतका स्पष्ट पुरावा दुसऱ्या कुठल्याच पार्टवर मिळत नाही.

मजबुतीच्या उपायांकडे वळण्याआधी नॉकिंगबद्दल बोललंच पाहिजे, कारण ‘ब्लॉक कमजोर निघाला’ म्हणून दाखवायला आणलेल्या ब्लॉकांत बरेचसे नॉकिंगने मेलेले असतात. वर जो १५० बारचा हिशेब केला तो सुरळीत जळणाऱ्या मिश्रणाचा आहे. नॉकिंगमध्ये उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतात. ८६ मिमीच्या बोअरमध्ये हे साधारण साडेसहा किलोहर्ट्झला होतं, नॉक सेन्सरही याच पट्टीत ऐकायला लावतात. तो ठोका क्षणिक असतो, पण नेहमीच्या दाबाच्या कितीतरी वर जातो. अशा ठोक्यात पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटते, लायनरला उभी भेग जाते आणि दोष ब्लॉकला लागतो. रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) कमी ठेवला तरी असंच होतं. गरम होऊन रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि बोअर ओरबाडला जातो. टर्बोच्या या पातळीवर ८६ मिमी बोअरला वरच्या रिंगला मी अर्ध्या मिमीच्या आसपास गॅप ठेवतो, पिस्टन बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळतो. ट्यूनिंग कच्चं असेल तर ब्लॉकवर एक रुपयाही खर्च करू नका. नॉकिंगपुढे स्लीव्हही टिकत नाहीत, फक्त तुटायला जरा जास्त वेळ घेतात.

आता पहिला उपाय, ब्लॉक गार्ड. वॉटर जॅकेटच्या वरच्या तोंडात बसवायची ही पट्टी, तिला पाणी जायला काही भोकं असतात. कल्पना बरोबर आहे, माथ्याला आधार द्यायचा. पण तो सैल बसला तर आधार देत नाही, आणि घट्ट ठोकून बसवला तर सिलिंडरला ज्या ठिकाणी टेकतो तिथे दाबतो. मी मोजून पाहिलेल्या बोअरमध्ये गार्ड ठोकल्यानंतर टेकलेल्या जागी बोअर आत आलेला स्पष्ट दिसतो. त्यामुळे तयार बोअरमध्ये, जुन्या पिस्टनवर, इंजिन गाडीतच ठेवून गार्ड ठोकणं हे सर्रास चालतं आणि सर्रास चुकतं. शिवाय जिथे सर्वांत जास्त उष्णता आहे तिथलंच पाणी तो अडवतो. गार्ड घालायचाच असेल तर बोअरिंग-होनिंगच्या (बोअर मापात कापून घासण्याच्या) आधी घालायचा, आणि त्यातली भोकं गॅस्केटच्या भोकांशी जुळवायची. साडेचारशे एचपीपर्यंतच्या गाडीत असा बसवलेला गार्ड मी मान्य करीन. सहाशेला नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे क्लोज्ड डेक इन्सर्ट. दिसायला भाऊच, पण काम वेगळं. यात वॉटर जॅकेटचं तोंड मशीनवर एका मापात आणतात, त्या मापाचा ॲल्युमिनियमचा जाड तुकडा काही शतांश मिमी मोठा करतात, ब्लॉक गरम करून आणि तुकडा थंड करून तो बसवतात, मग सगळा डेक एकत्र सपाट कापतात. तुकडा ब्लॉकच्याच जातीच्या ॲल्युमिनियमचा हवा, म्हणजे दोन्ही सारखेच फुगतील. आधार सिलिंडरच्या संपूर्ण परिघाला मिळतो, दोन-चार ठिकाणी नाही, म्हणून बोअरचा आकार बिघडत नाही. काही जण इन्सर्ट वेल्डिंगने पक्का करतात. मला ते पटत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचं ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि ब्लॉक वाकतो. तुकड्याचं जास्तीचं माप नीट राखलं असेल आणि बारीक पिनांनी इन्सर्ट अडकवला असेल तर वेल्डिंगची गरज पडत नाही. पाण्याची भोकं मात्र विचारपूर्वक पाडावी लागतात, खासकरून दोन सिलिंडरच्या सांध्याजवळ. तिथे वाफ साठून राहिली तर त्याच जागी गॅस्केट जळते.

फिलरबद्दल लोकांचे दोन टोकाचे समज आहेत. हे साधं सिमेंट नसतं. लोखंडाचा कीस मिसळलेलं, सुकताना न आकसणारं मिश्रण असतं, ते वॉटर जॅकेटमध्ये ओतून घट्ट होऊ देतात. खालचा अर्धा भाग भरला तर सिलिंडरची मोकळी उंची निम्मी होते. एका टोकाला पक्क्या केलेल्या दांड्याचं वाकणं लांबीच्या घनावर अवलंबून असतं, म्हणजे निव्वळ पुस्तकी हिशेबाने ते एक अष्टमांशावर यायला हवं. सिलिंडर हा बारीक दांडा नाही आणि त्याचं बूडही थोडं देतं, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा फायदा होत नाही. पण फायदा होतो, आणि क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या वरचा भागही कडक होतो. किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. सर्वांत जास्त उष्णता वरच्या भागात असल्याने अर्धं भरलेलं इंजिन पाणी लगेच उकळवत नाही. बोअरच्या खालच्या भागातली उष्णता मग तेलात जाते, तेलाचं तापमान चढतं, आणि मोठा ऑईल कूलर न लावता अशी गाडी ट्रॅफिकमध्ये नेली की त्रास सुरू होतो. पूर्ण भरलेला ब्लॉक फक्त ड्रॅगचा. दहा सेकंद पळायचं, बंद करायचं, थंड होऊ द्यायचं. तुमची गाडी रोज रस्त्यावर चालते, म्हणून तुमच्यासाठी पूर्ण भरणं बादच, आणि अर्धं भरणंही मी टाळीन. एकदा ओतलं की ते परत निघत नाही, ब्लॉकला पुढे वेगळा मार्ग उरत नाही.

राहिले स्लीव्ह. खरी ताकद इथेच आहे, आणि सर्वांत महाग चुकाही इथेच होतात. मूळ सिलिंडरच्या भिंती मशीनवर पूर्ण काढून टाकायच्या आणि त्या जागी डक्टाईल आयर्नच्या जाड स्लीव्ह बसवायच्या. वरच्या बाजूला त्यांना रुंद कॉलर असते. त्या कॉलर एकमेकांना भिडून डेक बंद करतात, आणि खाली ओ-रिंग पाणी अडवतात. डक्टाईल आयर्न साध्या बिडासारखं ठिसूळ नाही, ते तडकण्याआधी थोडं सहन करतं. एवढं ऐकून लोकांना वाटतं की स्लीव्ह म्हटलं की संपला विषय.

विषय संपत नाही, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड सारखे फुगत नाहीत. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉनच्या आसपास वाढतं, लोखंड साडेअकराच्या आसपास. स्लीव्ह जर खालच्या पायरीवर टेकून उभी असेल आणि तिची उंची १०० मिमी असेल, तर इंजिन ८० अंशांनी तापल्यावर आजूबाजूचा ब्लॉक तिच्यापेक्षा नऊ शतांश मिमीने जास्त उंच होतो. तुम्ही थंड असताना स्लीव्ह डेकच्या दोन-तीन शतांश वर ठेवली होती, गरम झाल्यावर ती डेकच्या खाली गेली. गॅस्केटची पकड गेली, पाणी सुरू. म्हणूनच वरच्या कॉलरवर टांगलेली स्लीव्ह चांगली, तिथे फरक पडायला उंचीच कमी असते. पण मग कॉलरखालची पायरी एका पातळीत आणि काटकोनात कापलेली हवी. तिथे एका बाजूला जरी कमी-जास्त झालं तर स्लीव्ह काही दिवसांत एका अंगाला बसते. स्लीव्ह खचली अशी तक्रार ऐकली की मी आधी ती पायरी तपासतो, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. त्यामुळे स्लीव्ह कोणत्या कंपनीची यापेक्षा त्या कोण बसवतो याला मी जास्त महत्त्व देतो. ज्याने तुमच्याच जातीचा ब्लॉक पूर्वी केलेला आहे त्याच्याकडे जा, भले रांग लांब असली तरी.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर : गार्ड हलक्या कामाला, इन्सर्ट तुमच्यासारख्या मधल्या गाडीला, फिलर ड्रॅगला आणि स्लीव्ह त्याच्याही वरच्या टॉर्कला. पण यातलं काहीही केलं तरी पुढच्या दोन-तीन गोष्टी चुकवल्या तर सगळं वाया.

स्टडबद्दल. वर सांगितलेले नऊ टन हे प्रत्येक सिलिंडरभोवतीच्या चार स्टडना पेलायचे असतात, आणि स्टडची ओढ त्याहून बरीच जास्त असली तरच गॅस्केट दाबलेली राहते. ११ मिमीच्या जागी अर्ध्या इंचाचे स्टड घातले तर आडवा छेद तिसऱ्या हिश्शाने वाढतो. पण तेवढंच ब्लॉकचं मांसही कापलं जातं, आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये स्टडच्या भोकातून सिलिंडरकडे गेलेली भेग मी पाहिलेली आहे. ६०० साठी मी मूळ मापाचेच, पण एआरपी २००० सारख्या उंच दर्जाच्या पोलादाचे स्टड घेतो. एल१९ हे आणखी कडक पोलाद मिळतं, ते ओलाव्याला आणि हाताच्या घामाला फार नाजूक. त्याला सूक्ष्म गंज लागला तर ते न सांगता तुटतं. रोजच्या गाडीत ते कशाला? स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचा, रेंचने आवळायचा नाही. नटाला कंपनीने सांगितलेलंच वंगण लावायचं. वंगण बदललं की त्याच टॉर्कला ओढ बदलते, आणि रेंचवरचा आकडा बरोबर दाखवत असूनही तुमचा हिशेब चुकलेला असतो.

आणखी एक गोष्ट रोजच्या वापरात कामाची आहे. ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि हेड तापून फुगतात, पोलादी स्टड तेवढा लांबत नाही, म्हणून गरम इंजिनात स्टडची पकड वाढते. उलट अर्थ असा की थंड इंजिनात गॅस्केटची पकड सर्वांत कमी असते. सुरू केल्या केल्या बूस्ट मारणाऱ्यांच्या गॅस्केट का जातात ते यात आलं. कूलंट तापेपर्यंत बूस्ट कमी ठेवण्याची सोय ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) असतेच, ती वापरा.

गॅस्केट मल्टीलेयर स्टीलची घ्या आणि डेकची फिनिश तिला साजेशी गुळगुळीत करून घ्या. जुन्या गॅस्केटचा चिकटा काढायला खरखरीत डिस्क फिरवली की डेकवर खड्डे पडतात, आणि तेच पुढे दाबाची वाट होतात. ओ-रिंग किंवा फायर रिंगची खाच पाडण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. सिलिंडरचा माथा स्थिर असेल तर ६०० ला त्याची गरज नाही, आणि माथा हलत असेल तर ती रिंगही घासली जाणार.

खालच्या बाजूचं बोलायचं तर मेन कॅप (मेन बेअरिंगला खालून धरणारे तुकडे) काढल्यावर त्यांचा ब्लॉकला टेकणारा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहा. मूळ मशीनिंगच्या बारीक रेघा जशाच्या तशा दिसत असतील तर कॅप जागेवर आहेत. तिथे काळपट-तपकिरी डाग, खरवडल्यासारखी मंद जागा दिसली तर कॅप भाराखाली थरथरतायत. चार सिलिंडरच्या साध्या क्रँकमध्ये दोन आणि तीन नंबरचे पिस्टन एकत्र वरखाली होतात, त्यामुळे उंच आरपीएमला मधल्या मेन बेअरिंगवर जडत्वाचा भार सर्वांत जास्त येतो. पहिले डाग मी तिथेच शोधतो. डाग असतील तर पोलादी कॅप किंवा सगळ्या कॅप एकत्र बांधणारा गर्डल, नसतील तर चांगले मेन स्टड पुरे. पण मेन स्टड बदलले की कॅपवरची ओढ बदलते आणि गोल भोक गोल राहत नाही. म्हणून अलाईन होनिंग (मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत आणि गोल घासणं) करूनच पुढे जायचं, ‘फक्त स्टडच तर बदललेत’ म्हणून ते सोडायचं नाही. आणि हलकी म्हणून घन ॲल्युमिनियमची क्रँक पुली लावू नका. मूळ पुलीतलं रबर क्रँकची पिळवटणारी थरथर मारायला असतं. ते काढलं की ती थरथर बेअरिंग आणि ब्लॉक सोसतात.

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी ब्लॉक स्वच्छ करून भेगा तपासायच्या. ॲल्युमिनियमला चुंबकीय तपासणी लागू पडत नाही, तिथे डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) आणि पाण्याच्या जॅकेटची प्रेशर टेस्ट. मग इन्सर्ट, मग मेन स्टड आणि अलाईन होनिंग, मग डेक, आणि सर्वांत शेवटी बोअर. बोअरचं शेवटचं होनिंग टॉर्क प्लेट लावूनच. ब्लॉकवर जाड प्लेट, खाली तुम्ही वापरणार आहात तीच गॅस्केट, तेच स्टड, तोच टॉर्क. असं केल्याने हेड बसल्यावर बोअर जसा वाकणार आहे तसा आधीच वाकवून गोल केला जातो. प्लेट काढल्यावर तोच बोअर गेजवर वाकडा दिसतो, घाबरू नका. मशीन शॉपला तुमचे खरे स्टड आणि गॅस्केट नेऊन द्या. त्यांच्याकडचे नेहमीचे बोल्ट वापरून केलेलं टॉर्क प्लेट होनिंग हे अर्धंच काम.

बोअर किती मोठा करायचा? शक्यतो करूच नका. स्टँडर्डवर राहिलात तर उत्तम, घासलेला असेल तर साफ होण्यापुरता, पाव किंवा अर्धा मिमी. बिडाच्या ब्लॉकला मी अल्ट्रासॉनिकने भिंत मोजून थ्रस्ट बाजूला पाच मिमीच्या आसपास जाडी असल्याची खात्री करतो, कारण ओतताना साचा थोडा सरकला की एक भिंत जाड आणि समोरची पातळ होते. तुमच्या ब्लॉकमध्ये मात्र बिडाचा लायनर आणि बाहेरचं ॲल्युमिनियम यांच्या सांध्यावरून ध्वनी परततो, आणि आकडा फसवतो. तिथे मोजणाऱ्याला सांधा कुठे आहे हे कळत असलं पाहिजे.

तुम्ही एका ओळीत विचारलं होतं की बिडाचा ब्लॉक असलेलं दुसरं इंजिनच का घेऊ नये. प्रश्न अगदी वाजवी आहे. मित्सुबिशीचा ४जी६३ किंवा टोयोटाचा ३एस-जीटीई बिडाचे आहेत म्हणून टर्बोवाल्यांचे लाडके. बीएमडब्ल्यूचं १.५ लिटरचं फॉर्म्युला वनचं टर्बो इंजिन, ज्यावर नेल्सन पिकेने १९८३चं जगज्जेतेपद जिंकलं, ते साध्या विक्रीच्या गाडीतल्या एम१० या बिडाच्या ब्लॉकवर बांधलेलं होतं, आणि पुढे क्वालिफाइंगला त्यातून हजाराच्या वर एचपी काढली गेली, अर्थात काही फेऱ्यांच्या आयुष्यावर. पण ॲल्युमिनियम म्हणजे कमजोर असंही नाही. निस्सानचा एसआर२०डीईटी ॲल्युमिनियमचाच, पण क्लोज्ड डेक. मर्सिडीज-एएमजीने २०१९ मध्ये आणलेल्या एम१३९ मध्ये दोन लिटरमधून ४२१ एचपी आणि ५०० न्यूटन-मीटर वॉरंटीसकट विकले, तोही ॲल्युमिनियमचा क्लोज्ड डेक. धातूपेक्षा माथा बांधलेला आहे की नाही, याने जास्त फरक पडतो. इंजिन बदलायचं म्हटलं की माउंटिंग, गिअरबॉक्स, वायरिंग सगळंच बदलतं. केवळ ब्लॉकसाठी मी ते करणार नाही.

तर तुमच्या गाडीसाठी मी काय करीन? ६०० हा आकडा क्रँकवरचा आहे असं धरतोय. चाकांवरचा असेल तर पुढचं सगळं एक पायरी वर सरकवा, म्हणजे थेट स्लीव्ह. क्रँकवर ६०० साठी : स्टँडर्ड बोअर, नीट बसवलेला क्लोज्ड डेक इन्सर्ट, मूळ मापाचे उत्तम हेड स्टड, मेन स्टड आणि अलाईन होनिंग, फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड, टॉर्क प्लेट होनिंग. टर्बो असा निवडा की पूर्ण बूस्ट साडेचार हजारांच्या आधी येणार नाही, आणि ईसीयूमध्ये टॉर्क ५७० न्यूटन-मीटरच्या पट्टीवर सपाट धरा. ७५०० ला तेवढ्यातच ६०० एचपी पूर्ण होते. खालच्या आरपीएमला पाठीत बसणारा धक्का मिळणार नाही, हे खरं आहे. रस्त्यावर चालवायला मजा त्या धक्क्यात असते, मलाही माहीत आहे. पण ब्लॉक फोडतो तोच. तो हवाच असेल आणि पुढेमागे ७०० ची इच्छा होणार असेल, तर आत्ताच इन्सर्ट टाळून स्लीव्हचे पैसे जमेपर्यंत साडेतीनशेवर गाडी चालवा. इन्सर्ट घालून वर्षभराने तोच कापून स्लीव्ह घालणं म्हणजे मशीनिंगला दुप्पट खर्च.

इंजिन उघडलं की आधी दोन गोष्टी कळवा : जुन्या गॅस्केटची कड कुठल्या बाजूला घासली आहे, आणि प्रत्येक बोअरची वर, मध्ये, खाली अशी दोन्ही दिशांची मापं. सोबत इंधन कोणतं वापरताय तेही लिहा, त्यावर टायमिंग आणि बूस्ट किती ठेवायचं ते ठरेल.